तारीखवाले जाधव

समस्त शहापूर व मुरबाड तालुक्यांतील सुज्ञ नागरिक, त्यांचे जावई आणि कामानिमित्त बाहेरगावी असलेले भाऊबंद यांस कळविण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, नव्वदच्या दशकात या संपूर्ण मुलखात सार्वजनिक वापरासाठी एकच कोट उपलब्ध होता. तो काळा होता, त्याचे मधले बटण तपकिरी होते, आणि तो माझ्या मालकीचा होता.

शहापुरात माझा फोटो स्टुडिओ होता. आत आरशाशेजारी खिळ्याला हा कोट टांगलेला असे. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असलेला, मुलीकडच्यांना फोटो पाठवायचा असलेला, ज्याला म्हणून जगापुढे बरं दिसायचं असे तो त्या कोटात शिरे, श्वास रोखून बसे आणि दोन मिनिटांनी पुन्हा आपल्या सदऱ्यात परत येई. जाडे-बारीक सगळे मावावेत म्हणून त्याची मागची शिवण मी कॉलरपासून खालपर्यंत उसवून ठेवली होती. पुढून बघाल तर साहेब, मागून बघाल तर दोन लोंबत्या पट्ट्या. फोटोत पाठ येत नाही, हे माझ्या धंद्याचं मूळ तत्त्व.

याच कोटात सुदामभाऊ जाधव पंधरा-सोळा वर्षं टीव्हीवर दिसले. पुढाऱ्यांसमोर, सभांच्या मैदानावर, मतमोजणीच्या मांडवात, कोरड्या विहिरीच्या काठावर. ज्यांनी त्यांना टीव्हीवर पाहिलं त्यांना ते कोटवाले जाधव म्हणून आठवतात. आमच्याकडची माणसं मात्र नेहमी सभेत त्यांच्या मागे बसलेली असत, त्यामुळे त्यांना तो कोट काय चीज आहे ते पुरतं ठाऊक होतं. शेणव्याचा एक म्हातारा म्हणायचा, "पुढून तो मुंबईचा, मागून आपलाच."

पहिली भेट मला लख्ख आठवते. उंच, काटकुळा, मिशा बारीक कातरलेल्या, वय तिशीच्या पुढे. शेणव्याजवळच्या एका बौद्ध कुटुंबातला हा मोठा मुलगा. आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीला होता, तो कारखाना बंद पडला होता. वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची सवय होती. कल्याणच्या एका केबलवाल्याने संध्याकाळी पंधरा मिनिटांच्या बातम्या सुरू केल्या होत्या, आणि त्याला आमच्या भागाचा वार्ताहर हवा होता. ओळखपत्राला फोटो पाहिजे म्हणून सुदामभाऊ माझ्याकडे आले.

मी कोट दिला. त्यांनी तो घातला, आरशात पाहिलं, मग मान वळवून पाठीकडे पाहिलं.

"ह्याची पाठ कुठं गेली?"

"फोटोत पाठ येत नाय," मी म्हणालो.

"टीव्हीत येते?"

"पुढून उभं राहिलं तर नाय येत."

त्यांनी जरा विचार केला. मग कोपऱ्यातल्या माझ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. खांद्यावर घ्यायचा, मोठ्या कॅसेटचा, लग्नाच्या शूटिंगसाठी मी नुकताच घेतलेला. "तो चालतो का?"

"चालतो म्हणजे? गेल्या महिन्यात दोन हळदी केल्यात."

"मग उद्या सकाळी मुरबाडला सभा आहे. कोट, कॅमेरा आणि तुमी, तिघं चला."

अशा रीतीने माझी पत्रकारितेत नेमणूक झाली. मुरबाडला जाताना एसटीत त्यांनी मला एकुलता एक नियम सांगितला. मी सवयीप्रमाणे कसाऱ्यापासून कल्याणपर्यंतच्या सगळ्या भानगडी सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विजू, एक ध्यानात ठेव. कॅमेऱ्यामागच्या माणसाला तोंड नसतं." माझ्यासारख्याला ही शिक्षा काय होती ते माझ्या बायकोला विचारा. पण मी ती पाळली. शूटिंग चालू असताना पंधरा वर्षांत मी एक अक्षर बोललो नाही. एकदा मधमाशी चावली, तरी नाही.

आता तात्या. ह्या माणसाशिवाय सुदामभाऊ सांगताच येणार नाहीत. तात्या मुरबाडकडचे, जुन्या शेतकरी घरातले, भात पिकवणाऱ्यांच्या चार पिढ्यांनंतरचे पहिले भाषण पिकवणारे. गडी दिलदार. लग्नाला, मयताला, बारशाला हजर. त्यांच्या पहिल्या निवडणुकीचं पोस्टरही माझ्याच स्टुडिओत, त्याच कोटात काढलेलं. म्हणजे त्या वर्षी गंमत अशी होती की भिंतीवरचा उमेदवार आणि त्याला प्रश्न विचारणारा पत्रकार दोघांच्या अंगात एकच कोट. तपकिरी बटणासकट.

त्या निवडणुकीत आम्ही पळसखोरीला गेलो. दोन तालुक्यांच्या मधल्या डोंगरावर वीस-पंचवीस घरांची वाडी. तिथल्या टेकाडावर उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी लांबच लांब चमकताना दिसतं. ते पाणी मोठमोठ्या पाइपांतून मुंबईला जातं. आणि वाडीची विहीर होळीनंतर खरवडायला लागायची. मग बायका डोंगर उतरून दोन तास चालून हंडा आणायच्या. सोनीबाय नावाची एक म्हातारी तिथं भेटली. भाऊंनी तिच्यापुढे माइक धरला. म्हातारीने माइकचा वास घेतला आणि म्हणाली, "दादा, पानी दिसतं. लागत नाय."

मी आजवर हजारो लोकांना कॅमेऱ्यापुढे बोलताना पाहिलं. इतकं नेमकं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात तात्यांची जीप आली. तात्या तेव्हा तरुण होते, आणि मला वाटतं त्या दिवशी मनापासून बोलत होते. विहिरीच्या काठावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की ह्या वाडीत नळ आणेन, आणला नाही तर तोंड दाखवणार नाही. सोनीबायच्या तांब्यातलं पाणीही प्याले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर कोटातला माणूस म्हणाला, "तारीख?"

"तारीख कसली, जाधव?" तात्या हसले. "लगीन हाय का?"

"लगीन असतं तर तुमी दोन महिने आधी पत्रिका वाटल्या असत्या."

लोक हसले. तात्याही हसले. हसता हसता, भरल्या तोंडाने आणि भरल्या मनाने, त्यांच्याकडून निघून गेलं, "येती अक्षय तृतीया. लिहून घ्या. अक्षय तृतीयेला ह्या वाडीत नळाला पाणी."

कॅसेट फिरत होती. सगळं आत गेलं: हात, विहीर, तांब्या, तारीख.

पुढचा प्रवास त्या कॅसेटचा. त्या काळी आमची बातमी लोकलने जाई. कॅसेट लाल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायची, वर पत्ता लिहायचा, आणि आसनगाव स्टेशनवर रोज सकाळी ठरावीक गाडीने कल्याणला जाणाऱ्या एका कारकुनाच्या हातात द्यायची. तो ती कल्याणला केबलवाल्याच्या माणसाला देई, आणि दोन दिवसांनी रिकामी पिशवी आणि कॅसेट परत आणी. तो कारकून सभ्य होता. वर्षानुवर्षं त्याने राजकारण हातातून नेलं आणि एकदाही विचारलं नाही की आत काय आहे.

अक्षय तृतीया आली. सकाळी भाऊ स्टुडिओत हजर. खिळ्यावरून कोट काढला. "चल."

पळसखोरीत नळ नव्हता, हे सांगायला नको. भाऊ विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "आज ती तारीख आहे." एवढंच. मग काठावरूनच मी कॅमेऱ्याचं भिंग हळूहळू विहिरीत उतरवलं. तळाला चिखल आणि एक फुटका डबा. केबलवाल्याने आधी तात्यांचं वचन दाखवलं, मग हा डबा. दुसऱ्या दिवशी दोन्ही तालुक्यांत चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. तात्यांनी स्वतः फोन केला, "सुदाम, मारलास रे." रागावले नाहीत. मी म्हटलं ना, गडी दिलदार.

लोक त्यांना तेव्हापासून तारीखवाले म्हणायला लागले. दर अक्षय तृतीयेला आम्ही पळसखोरीला जायला लागलो. लोक सोनं घेतात, आम्ही डबा शूट करून येत असू. सोनीबाय काठावर बसलेली असे. "आलास? ये. यंदा पन नाय," असं स्वागत. एक वर्ष तिने भाऊंना कोटाची फाटलेली पाठ शिवून देऊ का विचारलं. ते म्हणाले, "नको गो बाय. ती उसवलीय म्हणून मला श्वास घेता येतो."

नंतर मुंबईच्या एका मोठ्या वाहिनीने त्यांना आमच्या भागासाठी नेमलं. निवडणुका, बंडखोऱ्या, पळवापळवी, रात्रीतून बदललेली निशाणं, सगळं ते पाठवू लागले. अभ्यास दांडगा. कुठल्या गावात कोण कोणाचा मामा आणि म्हणून मतं कुठे जाणार, हे त्यांना तोंडपाठ. मुंबईचे साहेब लोक निवडणुकीच्या आधी त्यांना फोन करत, सगळं ऐकून घेत आणि संध्याकाळी ते स्वतःच्या तोंडाने सांगत. भाऊंचे चार मिनिटांचे अहवाल तिथे कापून वीस सेकंदांचे होत. पळसखोरीचा तर एकदाही लागला नाही. कोणी म्हणे उन्हाळा संपला, कोणी म्हणे दृश्य तेच तेच आहे. भाऊ म्हणायचे, "मुंबईला आपलं पानी चालतं रे. आपली बातमी चालत नाय."

आणि तात्या शिकले. तारीख देण्याची चूक त्यांनी पुन्हा कधी केली नाही. पण त्याहून वाईट गोष्ट झाली. तात्यांना त्या प्रश्नाची गोडी लागली. भाषणात आश्वासन दिलं की ते थांबायचे, कोटाकडे हात करायचे आणि म्हणायचे, "आता जाधव विचारणार." मैदान हसायला तयार. भाऊ विचारायचे, "तारीख?" तात्या म्हणायचे, "लवकरच." हशा, शिट्ट्या, टाळ्या. दर सभेत. काही ठिकाणी तर तात्यांची माणसं आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घेत, जाधव येणार आहेत ना.

एकदा मुरबाडहून परतताना एसटीत भाऊंनी तिकिटं काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "विजू, माझा प्रश्न त्याच्या भाषणात गेला."

"मग नका विचारू."

"मी नाय विचारला तर कोन विचारणार? तू?"

मी म्हणालो, मला तोंड नाही. ते हसले. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

त्यांना एक संधी हवी होती. ती पहिली कॅसेट, ज्यात तारीख आहे, ती एकदा, फक्त एकदा, तात्यांच्या समोर, सगळ्या महाराष्ट्राला दाखवायची. तात्यांची फजिती करायला नव्हे. "लवकरच" ह्या शब्दाच्या आधी त्या माणसाच्या तोंडातून एक खरी तारीख निघाली होती, हे सोनीबायला दिसावं म्हणून. तिच्या वाडीत तोवर एक टीव्ही आला होता. ती कॅसेट माझ्या स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात होती, कारण भाऊंचं घर पावसाळ्यात गळायचं. कॅसेटच्या डब्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पळसखोरी, पहिली.

संधी आली. दोन हजार सालानंतरची एक निवडणूक, आणि वाहिनीवर थेट चर्चेचा कार्यक्रम. तात्या तोवर तिसऱ्या पक्षात होते आणि बरेच मोठे झाले होते. मुंबईच्या स्टुडिओत तात्या, आणि समोर प्रश्न विचारायला सुदामभाऊ. भाऊंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पहिली टेप काढून ठेव. एकदा बघून घे, बुरशी आली असेल."

लग्नसराई होती. त्या आठवड्यात माझ्याकडे चार लग्नं. दोन दिवसांनी ते कॅसेट न्यायला आले.

"बघितलीस?"

"हो."

"चांगली आहे?"

"एकदम."

मी बडबड्या माणूस. आयुष्यभर लाखो शब्द बोललो असेन, त्यातले बरेचसे फुकट. हे दोन तेवढे महाग पडले. मी ती कॅसेट बघितली नव्हती.

त्या दिवशी कोटाला मी इस्त्री करून दिली. तपकिरी बटण काढून काळं लावलं. भाऊ कोटाची घडी हातावर टाकून आसनगावला गेले. संध्याकाळी माझ्या दुकानात पन्नास माणसं टीव्हीपुढे कोंबून बसली होती. कार्यक्रम सुरू झाला. भाऊ छान दिसत होते. खुर्चीला पाठ टेकलेली, त्यामुळे कुठल्याच बाजूने उघडे नव्हते. तात्या रस्ते, शाळा, दिवे सांगत होते. भाऊंनी पळसखोरीचं नाव काढलं.

"तुम्ही तिथं तारीख दिली होती, तात्या."

"मी?" तात्या सूत्रसंचालकाकडे बघून हसले. "जाधव आमचे जुने मित्र आहेत. तारखेशिवाय त्यांना करमत नाही. कुठली तारीख? दिली असेल तर दाखवा ना."

दुकानात सगळे पुढे सरकले. एक जण म्हणाला, "आता बघा."

सुदामभाऊ कॅमेऱ्याकडे बघत राहिले. सरळ भिंगात. इतकी वर्षं त्या भिंगाच्या मागे मी असे, त्यामुळे ते माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "माझ्याकडे आता ती नाही." सूत्रसंचालकाने विषय बदलला.

माणसं उठून गेल्यावर मी कपाट उघडलं आणि हिशेब लावत बसलो. आठवलं. काही वर्षांपूर्वी केबलवाल्याला पळसखोरीची प्रत हवी होती, म्हणून मी कॅसेट डब्यातून काढून टेबलावर ठेवली होती. त्याच आठवड्यात तात्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि ती प्रत काढायची राहूनच गेली. मोठं लग्न, दोन्ही तालुके जेवायला. निघण्याच्या घाईत टेबलावरच्या कॅसेटी मी पिशवीत लोटल्या. लग्नात कॅसेट संपली, पिशवीत हात घातला, हाताला लागली ती लावली. नंतर तात्यांना प्रत काढून दिली, आणि मूळ कॅसेट टेबलावरच्या रिकाम्या डब्यात ठेवून डबा कपाटात. डब्यावर अक्षर भाऊंचं. आत तात्यांच्या मुलीची पाठवणी.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. कोट खिळ्याला टांगला. खुर्चीवर बसले, जिथं लोक फोटोला बसतात तिथं. मी त्यांच्याकडे न बघता पावडरचा डबा पुसत होतो.

"लगीन चांगलं शूट केलंस विजू," ते म्हणाले. "मुलगी निघते तेव्हा तात्या मांडवाचा खांब धरून रडतो ना, तिथं तू पार जवळ गेलास. कॅमेरा हलला नाय."

मी तोंड उघडलं.

"नको," ते म्हणाले. "कॅमेऱ्यामागच्या माणसाला तोंड नसतं."

ही माफी होती की शिक्षा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

बाकीची हकिगत मला महिन्यांनंतर त्यांच्या बायकोकडून, सुमनवहिनींकडून कळली. कार्यक्रमाच्या तासभर आधी तिथल्या मशीनवर कॅसेट लावली, तेव्हा तात्या रडताना दिसले. वाहिनीची तरुण मंडळी खूश झाली. हेच लावू या, म्हणाली, मोठा नेता ढसाढसा रडतोय, लोक पाहतच राहतील. भाऊ म्हणाले, नाही. का नाही, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याच्या मुलीचं लगीन आहे ते. आणि ते ठरल्या तारखेला झालं होतं." साहेबांना हा विनोद वाटला नाही. पुढच्या महिन्यापासून आमच्या भागात नवा मुलगा आला. त्याच्याकडे स्वतःचा कोट होता, पाठीसकट.

पुढे भाऊंची टीव्हीवरची कामं संपलीच. पण अक्षय तृतीया चुकली नाही. कुठलीच वाहिनी नसताना ते सकाळी स्टुडिओत येत, कोट घालत, आणि आम्ही पळसखोरीला जात असू. ते विहिरीच्या काठावर उभे राहून म्हणत, "आज ती तारीख आहे." मी कॅमेरा विहिरीत उतरवत असे. कोणासाठी, हे मी विचारलं नाही. एका वर्षी काठावर सोनीबाय नव्हती. तिची सून हंडा घेऊन आली आणि म्हणाली, "आय गेली. पौषात." भाऊ माइक हातात धरून उभे राहिले. त्या वर्षी त्यांनी काहीच म्हटलं नाही.  मी तेही शूट केलं.

मग त्यांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा कल्याणला, मशीनवर. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं, दिवसाला जेमतेम एक तांब्या. वैशाखात त्यांच्या घरी गेलो तर ते पलंगावर, समोर स्टुलावर झाकलेला तांब्या, आणि तांब्याला त्यांनी पेनाने खुणा केलेल्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. भिंतीवर बुद्धाची तसबीर शांत हसत होती. घोट घेऊन त्यांनी तांब्या पुन्हा झाकला.

"झालो बघ," ते म्हणाले. "झालो मी पळसखोरीचा रहिवासी."

मी विनोद करायला गेलो, जमला नाही. मग तेवढं एक विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "भाऊ, मी न बघता हो म्हटलं. तुमाला त्याच दिवशी कळलं होतं का?"

त्यांनी डोळे मिटले. "तू कधी एका शब्दात बोलतोस का रे," ते म्हणाले. "तेव्हाच शंका आली होती. पण मला पन बघायचं नव्हतं. घाबरलो होतो. टेप नसती तर मी गेलो नसतो ना तिथं."

त्या पावसाळ्यात ते गेले.

शोकसभा शहापुरातल्या एका हॉलमध्ये झाली. त्रिसरण-पंचशील झालं. टेबलावर हार घातलेला फोटो. अर्थात मीच काढलेला, अर्थात कोटातला. वहिनींना दुसरा सापडलाच नाही. मी एका कडेला कॅमेरा लावून उभा होतो. आता छोटा होता, हातात मावणारा. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचं काहीतरी चाललंय आणि मी शूट करत नाही, हे मला जमलं नसतं.

तात्या आले. केस पिकलेले, काठी हातात. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, चेहरा उतरला होता. ते फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटतं त्यांना कोट ओळखू आला असावा. मग माइकपुढे आले. सुदाम माझा मित्र होता, म्हणाले. पत्रकार होता, पण माणूस होता. माझ्याशी भांडला, पण कधी ओरबाडलं नाही.  त्यांना लग्नाच्या टेपचं माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मग त्यांनी डोळे पुसले, छाती भरून घेतली आणि मला आतून कळलं की आता काय येणार.

"सुदामच्या नावाने," तात्या म्हणाले, "पळसखोरीला पाणी नेणार. हा माझा शब्द आहे."

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण शोकसभा होती. आणि तात्या थांबले. इतक्या वर्षांची सवय. त्यांचा हात आपोआप उचलला गेला, डावीकडे, जिथं नेहमी कोट उभा असे. तिथं भिंत होती. हात तसाच राहिला. हॉलमध्ये दोनशे माणसं. पहिल्या रांगेत वाहिनीचा तो नवा मुलगा, वही मिटून बसलेला. वहिनी खाली बघत होत्या. मी भिंगातून तात्यांचा चेहरा जवळ आणला. त्यांचे डोळे हॉलभर फिरत होते, या रांगेवरून त्या रांगेवर, आणि मग कॅमेऱ्यावर येऊन थांबले, म्हणजे माझ्यावर. माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द होता. एकच शब्द. मी शूटिंग करत होतो.

पंखे फिरत होते.  तात्यांचा हात हळूहळू खाली आला, आणि भर सभेत, माइक चालू असताना, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अरे, विचारा ना कोनीतरी."